सोक बाईचे हिरवे मोजे

८ ऑक्टोबर
वही, माफ कर. महिनाभर तुला हात लावला नाही. हिच्या छातीत गाठ निघाली — कॅन्सर! गाठ तेवढी कापून काढली. ही अठ्ठ्याहत्तरची.
कोणामुळे झालं ते मला माहीत आहे. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात बायकांना आंघोळ घालणारी सोक बाई! तीस वर्षं दर शनिवारी हिचं अंग त्या हिरव्या खरखरीत हातमोज्यांनी घासते. एवढं घासल्यावर गाठ येणार नाही तर काय? आणि म्हणे तिलाच आधी सापडली. सोडणार नाही तिला.

११ ऑक्टोबर
डॉक्टरीण नातीच्या वयाची. म्हणाली, "आजी, गाठ लहान होती. आता तीन आठवडे रोज येऊन किरणांचा शेक घ्या आणि गोळ्या घ्या. नाहीतर नुसत्या गोळ्या, पाच वर्षं. या वयात आयुष्य दोन्हीने तेवढंच. शेकाने तिथे पुन्हा गाठ यायची भीती कमी होते, एवढंच."
ही लगेच, "गोळ्याच द्या."
मी ओरडलो, "शेक हवा!"
"आजोबा, ठरवायचं आजींनी. महिनाअखेर सांगा."
मला गप्प केलं!

१२ ऑक्टोबर
आमटीचं पातेलं जळून कोळसा. गॅस कोणी लावला कोण जाणे. हिने खिडक्या उघडल्या.
समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या येओला पिवळी गाडी घेऊन गेली — म्हाताऱ्यांच्या बालवाडीत. दिवसभर सांभाळतात, टाळ्या वाजवायला लावतात तिथे. मी मेलो तरी जाणार नाही.

१५ ऑक्टोबर
ही न्हाणीघरात जाऊन आली. आंघोळीला नाही, सोक बाईशी बोलायला. डोळे लाल. कळलं! शेक नको हे तिनेच डोक्यात भरवलंय.

१६ ऑक्टोबर
कात्री घेऊन गेलो. न्हाणीघरामागच्या दोरीवर मोजे वाळत होते. सगळे चिरले. एकूण एक! फार बरं वाटलं. येताना भाजकं रताळं घेतलं.

१७ ऑक्टोबर
सोक बाई दारात. एका हातात चिंध्या, दुसऱ्यात कात्री.
"आजोबा, ही आमच्या दोरीखालीच विसरलात."
"घासून घासून गाठ केलीस तू!"
"घासून गाठ होत असती तर अख्खं गाव गाठींचं असतं. माझ्या हाताला लागली म्हणून वाटाण्याएवढी असताना सापडली." मग आवाज उतरवून, "शेक का नको म्हणतात, विचारलंत कधी? परवा माझ्याजवळ रडल्या. म्हणाल्या, तीन आठवडे रोज अर्धा दिवस जायचं — यांना घरात एकटं कसं सोडू? गॅस बंद करून जाऊ, की यांनाच कुलूप घालू?"
ही आत मुळे चिरत होती. मान वर केली नाही.
मी कात्री घेतली.

१८ ऑक्टोबर
चिठ्ठी आधी इथे लिहून बघतो, खऱ्या कागदावर चुकायला नको.
पिवळ्या गाडीवाल्यांस — मेंग दोल-सू, वय ८१. तीन आठवडे मला न्या. टाळ्या वाजवीन. जागा आहे का, लवकर कळवा. महिनाअखेरच्या आत कळवा.