फुगलेली झाकणं

अहो, फोन घरी विसरायचा हाच दिवस सापडला का तुम्हाला? मी लावतेय आणि तो इथेच उशीखाली वाजतोय! म्हणून ही चिठ्ठी.

परवाच्या अंजिराच्या जॅमची झाकणं फुगलीत. लिंबू राहिलंच, आणि आंबटाशिवाय बंद बरणीत विष धरतं. आईंना वाटलं मी पिळलं, मला वाटलं त्यांनी. दुकानात दिलेल्या बरण्या परत आणायला आम्ही दोघी पळतोय. घरातल्या बरण्यांना हात लावू नका, बोटसुद्धा चाटून बघू नका.

प्रत्येक घाण्याची पहिली बरणी आधी घरच्यांनी खायची, हा आपला नेम. ती मी आज सकाळी हौसेनं तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. झाकण बघितलंच नाही हो.

आल्या आल्या उशीखालचा फोन घ्या आणि मला एवढंच सांगा, की बरणी उघडलीच नाही.