नको म्हटले की नकोच समजणारी माणसे

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचीचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे जिन्याशी जुळवून घेत असतील आणि मामींचा खोकला औषधाला थोडीफार भीक घालू लागला असेल, अशी आशा करते. माझी प्रकृती उत्तम आहे, असे या ठिकाणी लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहिले.

पत्रास कारण असे की, ‘अर्धा दिवस शेतावर काम, बदल्यात घरच्यांसारखे राहणे-जेवणे’ अशा ज्या परदेशी योजनेचे कात्रण तुम्ही ‘पुस्तकातून डोकं काढ आणि जग बघ’ असे म्हणत माझ्या हातात कोंबलेत, त्या योजनेत मी सध्या अर्धपोटी आहे. कामाबद्दल माझी तक्रार नाही. (आहे, पण ती पुढे येईल.) शालान्त परीक्षेत ज्या निबंधामुळे माझे नाव वर्तमानपत्रात छापून आले, तो शेतकऱ्याच्या मनोगताचाच होता, हे तुम्ही साऱ्या गावाला ऐकवले आहे. त्या निबंधातला शेतकरी पहाटे उठून क्षितिजाकडे पाहत असे. शेळ्यांच्या लेंड्या कोण गोळा करत असे, याचा उल्लेख करायचे माझ्याकडून राहून गेले आणि परीक्षकांच्याही ते लक्षात आले नाही.

पहिल्या संध्याकाळी घडलेला प्रकार ऐका. स्वयंपाकघरातले लांब लाकडी टेबल, एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला मालकीणबाई, मध्ये वाफाळते पातेले आणि मी. बाईंनी डाव उचलून आणखी वाढू का, असे विचारले. परक्या घरी पहिल्याच दिवशी कोणती मुलगी हो म्हणेल? मी ताटावर हात आडवा धरला आणि अत्यंत सौजन्याने नको म्हटले. आता बाई म्हणणार, असं कसं, अगं घे थोडं. मी पुन्हा नको म्हणणार. त्या दटावून वाढणार. आणि मी ‘अहो, किती हे’ असे पुटपुटत पोटभर जेवणार, असा सरळ क्रम माझ्या मनात होता. बाई म्हणाल्या, “नको? बरं.” आणि पातेल्यावर झाकण ठेवले. मामा, ते झाकण ठेवल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी ताटावर हात तसाच धरून बसले होते. तो कोणीही बाजूला सारला नाही.

बरे, नको म्हटलेले जसेच्या तसे घेणाऱ्या या माणसांनी निदान हो म्हटलेले तरी सैल धरावे! तेही नाही. जेवण झाल्यावर मी केवळ रीत म्हणून उठले आणि भांडी मी घासते, असे म्हणाले. आपल्याकडे एव्हाना चार बायकांनी माझ्या हातातून ताट हिसकावून घेतले असते. इथे बाईंनी स्वतःचा अ‍ॅप्रन सोडून माझ्या गळ्यात अडकवला आणि त्या खुर्चीत जाऊन विणकाम करू लागल्या. गोठा झाडायला जमेल ना, या प्रश्नाला मी ‘हो, चालेल ना’ असे उत्तर दिले, तेही ‘राहू दे, तू पाहुणी’ हे ऐकण्यासाठी. तेव्हापासून खराटा माझ्याकडे आहे. थोडक्यात, माझा प्रत्येक नकार पोटाला लागतो आणि प्रत्येक होकार पाठीला.

गोठ्यात एक वयस्क शेळी आहे. तिची दाढी आणि माझ्याकडे पाहण्याची नजर यांमुळे मी तिला ‘मुख्याध्यापिका’ म्हणते. ती गाभण आहे, दिवस भरत आले आहेत, आणि या काळात ती माझ्याशिवाय कोणालाही जवळ येऊ देत नाही. (मालकांना तिने कुंपणापर्यंत पिटाळले. मी त्या वेळी हसले नाही, नंतर हसले.) मी तिला शाळेतल्या कविता चालीवर म्हणून दाखवते, तेव्हा ती रवंथ थांबवते. एकदा मी तिच्या वैरणीशेजारी बसून खिशातला पावाचा वाळका तुकडा खात असताना मालकांनी पाहिले. ते म्हणाले, “आमच्या शेळ्या बऱ्या. भूक लागली की ओरडतात तरी.” या बोलण्यातला उपहास मी ओळखला आणि मान खाली घालून तुकडा संपवला.

तुमच्या पंगतीत ‘पुरे’ म्हणणाऱ्याला आजवर न्याय मिळालेला नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले. पाहुणा पानावर आडवा पडला तरी तुम्ही त्याच्या बोटांच्या फटीतून वाढता. त्या वेळी मला ती दांडगाई वाटे. आता कळते, ती संस्कृती होती. या घरात संस्कृतीचा असा सर्वत्र अभाव आहे. म्हणून, मुदतीचे थोडेच दिवस उरले असले तरी, माझी निक्षून विनंती आहे की, घरी काही तातडीचे काम निघाल्याचे कारण सांगून तुम्ही मला ताबडतोब परत बोलवावे.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची (रोडावलेली) भाची

ता. क. पत्र बंद करण्यापूर्वी बाई खोलीत आल्या. माझी मुदत संपत आली म्हणून त्यांनी विचारले, “मुख्याध्यापिका विईपर्यंत राहतेस का? ती तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही.” ते नाव त्यांनीही उचलले आहे, हे ऐकून मला इतके भरून आले की तोंडातून सवयीने निघून गेले, “नको, तुम्हाला कशाला उगीच त्रास.” बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, “बरं.” आता त्या माझ्या जागी दुसरी मुलगी शोधत आहेत.

ता. ता. क. वरची विनंती रद्द समजावी. पत्र मिळताच त्यांना फोन करावा आणि मला राहण्याचा आग्रह करायला त्यांना शिकवावे. बोटांच्या फटीतून वाढता, तसे. त्यांनी आणखी एकदाच विचारले तरी पुरे. आणि फोन माझ्या हाती आला, आणि मी ‘नको मामा, राहू दे, कशाला’ असे म्हणू लागले, तर कृपा करून अजिबात ऐकू नये.