अण्णा-तम्मा गाडीचं स्टिकर

हुमनाबाद, २७ जानेवारी १९८७

तम्मा पुन्हा गळाला!

माझा धाकटा दीर श्रीमंत जत्रेतून पोतंभर गाड्या परत घेऊन आला. आमच्याच खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या लॉऱ्या. हे मशीनवर गाड्या पाडतात, मी आणि जाऊबाई शोभा स्टिकर लावतो, आणि श्रीमंत जत्रा-बाजार करून विकतो. स्टिकरवर लाल अक्षरात "अण्णा-तम्मा". कानडीत थोरला भाऊ, धाकटा भाऊ. नाव मीच सुचवलं होतं, घरचीच जोडी म्हणून. आता ऊन लागलं की नेमका तम्माचा कोपरा सुटतो आणि लोंबतो. गिऱ्हाईक हसतात म्हणे — "अण्णा हाय, तम्मा पळाला व्हय?"

श्रीमंत काही हसला नाही. ह्यांना म्हणाला, "अण्णा, तुमचा मालच कच्चा हाय." हे म्हणाले, "मग दिवसभर उन्हात कामून मांडायलास?" दोघं वेगवेगळे जेवले. ह्या घरात असं कधी झालं नव्हतं.

३० जानेवारी

कणकेची खळ लावून बघितली. वाळली आणि पापडासारखी सुटली. डिंकाचंही तेच. "वैनी, आता दोऱ्यानं शिवूनच टाका," असं श्रीमंत म्हणाला. शब्द चेष्टेचे, तोंड मात्र आंबट.

२ फेब्रुवारी

शोभा भाकरी थापता थापता बोलून गेली — "अक्का, ह्यांनी वेगळं व्हायचं म्हनायलेत. बाजारात लोकांचं ऐकून घ्यायला ह्येच हायेत का रोज?"

 मी ह्या घरात आले तेव्हा श्रीमंत पाचवीत होता. त्याचा डबा मी भरला, त्याचं लग्न मी जमवलं. आणि घर फुटणार कशावरून, तर स्टिकरवरून! तेही माझ्या हातच्या. नाही. मी हे होऊ देणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं!!

आज ह्यांनी नेहमीप्रमाणे मारुतीला तेल वाहिलं. उरलेलं आणून मशीनला आणि साच्याला चोळलं. मशीन घरात आलं त्या दिवसापासूनचा हा नेम. "मशीन म्हंजे मारुतीच हाय, त्याच्याच जोरावर घर चालतंय." मी समोरच गाड्या पुसत बसले होते. सहज एक गाडी नाकाशी धरली. करडई! साच्याचं तेल गाडीला, त्या तेलावर आमचं स्टिकर. कसं टिकणार? इतके दिवस आम्ही चौघं तेलावर कागद चिकटवत होतो आणि एकमेकांना दोष देत होतो.

ह्यांना सांगितलं. ऐकतील ते कसले! "मारुतीचं तेल बंद व्हनार न्हाई." बरं, नका करू. मारुती तुमचा, गाडी माझी.

८ फेब्रुवारी

दिवाळीला पोराला तेल लावून मग उटणं चोळतातच की. तेच केलं. गाड्या बेसनानं घासल्या, गरम पाण्यानं धुतल्या. थंडीत लवकर वाळेनात, म्हणून स्टोव्हच्या जाळावरून अलगद फिरवल्या. जास्त नाही, फुलका उलटण्याइतका वेळ. त्यावर स्टिकर ठेवलं आणि मधून कडेला अंगठा दाबत नेला. शोभा हसत होती. "अक्का गाड्यांना न्हाऊ घालायलीस."

१२ फेब्रुवारी

एक गाडी पत्र्यावर उन्हात, एक बादलीत बुडवलेली, एक शोभाच्या लेकीच्या ताब्यात. पत्र्यावरचं हललं नाही. बादलीतलं हललं नाही. लेकीनं तर दातांनी ओढलं. चाक निघालं, पण स्टिकर जागचं हललं नाही!

मी सातवी पास. पण आज मला पदवी मिळाल्यासारखं वाटतंय, आणि ते कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, म्हणून इथे लिहिते.

एकच फजिती. एका गाडीवर स्टिकर उलटं लागलं. नखानं निघेना, सुरीनं निघेना. मग म्हटलं, जो वैरी तोच वैद्य. करडईचं तेल कोमट करून वर चोळलं, चहा पिऊन आले, आणि स्टिकर सालीसारखं सुटून आलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एवढी फुशारकी मारल्यावर लगेच काढायची युक्ती कशाला सांगू?

३ मार्च

दुबलगुंडीच्या बाजारातून श्रीमंत रिकामं पोतं झटकत आला. "वैनी, एक बी परत आली न्हाई." मी वर बघितलं नाही, पण कान त्याच्याकडेच होते. शेजारच्या नागूबाईला तीनदा तरी सांगून झालंय. ती आता मला बघून दार लावते.

आता सगळं ठीक होईल. आजच गोड करते.

४ मार्च

गोड केलं आणि तिथेच माती खाल्ली. पुरणपोळीवर हे बोलून गेले, "बघ, माल कच्चा नव्हता. इकणाराच कच्चा."

जिंकल्यावर गप्प बसायला काय जातं माणसाचं! श्रीमंत पोळी तशीच टाकून उठला.

२२ मार्च

पाडव्यापासून वेगळं. ठरलं. श्रीमंतनं सोलापूरहून आपलं वेगळं स्टिकर छापून आणलंय — "श्रीमंत". नुसतं. अर्ध्या गाड्या त्याच्या वाट्याला आल्या.

माझी स्टिकरं टिकली. मला वाटलं होतं, त्यांच्याबरोबर घरही टिकेल. शोभा पाडव्यासाठी वेगळी चूल लिंपून ठेवताना रडत होती. मी रडले नाही. इथे लिहिताना रडतेय.

३ एप्रिल

सकाळपासून श्रीमंत जुनी स्टिकरं काढायला बसलाय. नखं झिजली, सुरीनं गाडीला ओरखडे पडले, पण अण्णा-तम्मा जागचे हलेनात. दुपारी ह्यांना राहवलं नाही. "तसं न्हाई रे, हिकडं आन," म्हणून तेही समोर बसले. आता एकच गाडी दोघांच्या गुडघ्यावर, एक धरतो, एक घासतो. ह्यांनी रॉकेल मागितलं. मी म्हटलं, रंग जातो. (जात नाही.)

श्रीमंतनं हाक मारली — "वैनी, तुम्हीच लावलाव. कसं काढायचं सांगा की."

"मला न्हाई ठाऊक," म्हटलं, आणि करडईच्या तेलाची बाटली ज्वारीच्या पोत्यामागे सरकवून दोघांचा चहा ठेवला.