दहापैकी नऊ

२ फेब्रुवारी, सोमवार

टेप घेऊन मागची खोली मोजली. तीनदा. आकडा काही बदलेना — लेकीचं टेबल, खुर्ची आणि पलंग मांडल्यावर खिडकीजवळ एकच कोपरा उरतो. चार फूट बाय अडीच. आणि त्यावर दावे दोन!

लेक बावीस तारखेला येतेय, वर्षभरासाठी. ऑफिसचं काम घरूनच करणार. आनंदच आहे. पण आजवर त्या खोलीत अर्धं राज्य माझं होतं आणि अर्धं हिचं. माझ्या बाजूला जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, रेकॉर्डचं टर्नटेबल आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर — सगळे जुन्या बाजारातून एकेक करत आणलेले, वयाने जवळपास माझ्याएवढे. हिच्या बाजूला कॉफीचं टेबल. हाताने फिरवायची गिरणी, काचेचं नरसाळं, बगळ्याच्या मानेसारख्या तोटीची किटली, इवलासा काटा. निवृत्तीनंतर माणसं शांत होतात म्हणे. आम्ही दोघं नादी लागलो.

ही म्हणाली, “तुमचं ते धूड माळ्यावर जाऊ दे.”

मी म्हटलं, “तुझी गिरणी जाऊ दे.”

लेक फोनवर — “बाबा, भांडू नका हं. मी बाहेरच्या खोलीत झोपते.” असं कसं! कॉफी स्वयंपाकघरात का नाही, असं तिने विचारलं. तिथे दोन माणसं एकावेळी वळू शकत नाहीत, हे ती विसरली बहुतेक.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दोघांनीही आपापलं सामान पुसलं. जरा जास्तच जोर लावून.

४ फेब्रुवारी, बुधवार

तोडगा निघाला! कसा निघाला ते लिहून ठेवतो.

सकाळी कॉफी पिताना माझ्या तोंडून निघून गेलं — अर्धा तास घरघर करून दळतेस, पण डब्यातली तयार पूड घातली तर तुझं तुलाही कळणार नाही. झालं! हिने कप खाली ठेवला. “आणि तुमच्या त्या तापायला वीस मिनिटं घेणाऱ्या पेटीत आणि माझ्या भावाच्या दुकानातल्या पंजाएवढ्या अँप्लिफायरच्या डब्यात तुम्हाला तरी फरक कळतो का?”

“डोळे मिटून सांगेन.”

“मीही डोळे मिटून सांगेन.”

म्हणजे परीक्षाच. हिच्या दहा कपांची, माझ्या दहा वाजवण्यांची. आठ बरोबर आले तर पास. नापास होईल त्याचं सामान माळ्यावर. दोघं पास झालो तर चिठ्ठी टाकायची. दोघं नापास? “मग कोपऱ्यात कुंडी ठेवू,” ही म्हणाली.

नियम मी लिहिले. ज्याची परीक्षा त्याने कशालाही हात लावायचा नाही. माझा परीक्षक ही, हिचा मी. एकोणतीस वर्षं वजनमाप खात्यात काट्यांवर शिक्के मारले, नियम कसे असतात ते मला कुणी शिकवू नये. सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला खिळे तोलायचा काटासुद्धा मी एकदा जप्त केला होता. किलोमागे पाच ग्रॅमचा फरक होता! पुढची दोन वर्षं तो आमच्याकडे फिरकला नाही. हिने मात्र तेव्हा मला एका शब्दाने बोल लावला नाही, हे खरं.

ही शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होती. काठावरची पोरं उचलून वर टाकायची. मी तिला नेहमी हसायचो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षक व्हायचं तर कॉफी करता आली पाहिजे. हिच्याकडून शिकलो. आजवर नुसती आयती प्यायचो, त्यामुळे बघितलंच नव्हतं — ओल्या कागदावरच्या पुडीवर पहिलं पाणी पडलं की ती फुगते! घुमटासारखी वर येते, वर बुडबुडे फुटतात, मग दमून खाली बसते. डब्यातली पूड मात्र ढिम्म. पाणी पडलं की चिखल. का?

ही म्हणाली, “ताज्या पुडीत जीव असतो.”

जीव वगैरे ठीक आहे, पण काहीतरी वायू असणार. दळल्यावर किती तासांनी तो उडून जातो? तासागणिक घुमटाची उंची मोजता येईल! दोन तास त्यातच गेले. एका तासाची पूड जवळजवळ तेवढीच फुगली. घडी घालायच्या पट्टीवर कॉफीचे डाग पडले.

हिचा इवला काटाही तपासला. माझ्याकडची जुनी वजनं अजून आहेत. वीस ग्रॅमला काट्याने बरोब्बर वीस दाखवले. मनातल्या मनात शिक्का मारला.

७ फेब्रुवारी, शनिवार

हिची परीक्षा. सकाळी नऊ.

रंगावरून ओळखू नये म्हणून डोळ्यांवर टॉवेल. पाणी तेवढंच, पूड तेवढीच, घोट तेवढाच. कोणता कप कधी ते मी नाणं उडवून आधीच ठरवलं होतं. मध्ये साधं पाणी. मी स्वयंपाकघरातून कप आणायचो, ही प्यायची आणि सांगायची — “ताजी” किंवा “डबा”. मी वहीत लिहायचो.

पहिल्या तीन झटकन सांगितल्या. तिन्ही बरोबर! मला आतून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. चौथ्याला म्हणाली, “डबा…” आणि कप तसाच ओठांशी धरून राहिली. “नाही. थांबा. ताजी. ताजीच आहे.”

कप ताजा होता. पण माझ्या वहीत तोवर ‘डबा’ लिहून झालं होतं.

“पहिला शब्द धरला,” मी म्हटलं.

“अहो, घोट तरी गिळू द्या!”

“नियम म्हणजे नियम.”

त्यानंतर ती सावध झाली. जास्त वेळ लावायला लागली आणि जास्त वेळ लावला की माणूस चुकतो. आणखी दोन गेल्या. दहापैकी सात.

चौथा कप धरला असता तर आठ. हे तिनेच मोजलं, टॉवेल सोडता सोडता. म्हणाली, “माझ्या वर्गात असतात तर पास केलं असतं तुम्हाला.”

“म्हणून तर तुझ्या वर्गातून कुणी नापास होत नव्हतं!”

विनोद केला होता मी. ती हसली नाही. टॉवेलची चौघडी घालून आत गेली.

८ फेब्रुवारी, रविवार

माझी परीक्षा. पहाटे चारलाच उठून बसलो! या वयात! आंघोळीच्या वेळी कान दोनदा साफ केले.

मेहुणा दुकान उघडायच्या आधी डबा घेऊन आला. खरंच पंजाएवढा. मला खोलीत यायला बंदी होती, नियम माझाच. जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. त्याने आत वायरी जोडल्या, कोणतं बटण कशाचं ते हिला दाखवलं. “दाजी, बेस्ट लक!” म्हणत घाईघाईत उतरून गेला. थोड्या वेळाने आत हिचा फोन वाजला. जेमतेम दोन वाक्यं बोलली. मग मला बोलवायला आली.

भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलो. मागे बटणाचं टक्-टक्. दर वेळी दोनदा. मला फसवायला असणार, हुशार आहे! पियानोची रेकॉर्ड, पहिलं अर्धं मिनिट, दर वेळी तेवढंच.

काय सांगू! फरक लख्ख होता. मोठ्यावर पियानो खोलीत येऊन बसतो, खालचे सूर पोटात लागतात. छोट्यावर तेच सूर कसे चपटे, कोरडे, दुधात पाणी घातल्यासारखे. मी नुसता सांगत सुटलो. “मोठा.” “बरोबर.” “छोटा.” “बरोबर.” “छोटा.” “बरोबर.”

नवव्याला म्हटलं, “छोटा.”

“चूक. मोठा होता.”

शक्यच नाही! मी खुर्चीतून अर्धा उठलो. म्हटलं, पुन्हा वाजव. ही म्हणाली, “परीक्षक मी आहे. पहिला शब्द धरला.” परत बसलो. दहावा बरोबर.

दहापैकी नऊ!! हिने डबा लगेच खोक्यात भरून ठेवला आणि म्हणाली, “कान आहेत बाई तुम्हाला.” मी तिला हात जोडून वाकून नमस्कार केला. दोघं खूप हसलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

गिरणी, नरसाळं, किटली कागदात गुंडाळून माळ्यावर चढवली. मी शिडीवर, ही खालून एकेक देत होती. काटा तेवढा तिने स्वयंपाकघरात ठेवून घेतला. कणीक मोजायला म्हणे. कणीक कधी मोजली होती हिने?

टर्नटेबल कोपऱ्यात शोभतंय. हिने हरूनही तोंड वाकडं केलं नाही. मला ते जमलं नसतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट लक्षात आली. ही आता सहाला उठत नाही. सातलासुद्धा नाही. आज साडेसातला मीच डब्यातली पूड घालून दोन कप केले. तिने अर्धा प्यायला आणि “छान झालीय” म्हणाली. उरलेला अर्धा बेसिनमध्ये.

मग तिच्या सकाळचा हिशोब लागला. दाणे निवडायचे, तोलायचे, दळायचे, दळताना खिडकीतून रस्ता बघायचा, पाणी ओतायचं, मला हाक मारायची. पाऊण तास! मला आजवर वाटायचं, त्यात कॉफी तेवढी महत्त्वाची.

वाईट वाटतंय. पण परीक्षा परीक्षा असते.

१५ फेब्रुवारी, रविवार

नववा डोक्यातून जात नाही.

तो छोटाच होता. खालचे सूर चपटे होते, माझ्या कानांनी ऐकले! मग चुकलं कुठे? की अँप्लिफायर तेव्हा पुरता तापला नव्हता? पण आठव्याला तर तापलेला होता. की रेकॉर्डवर धूळ? मोठाच कधीकधी छोट्यासारखा वाजत असेल तर एखादा व्हॉल्व्ह थकलेला असणार. तसं असेल तर कोणता? चारही आलटूनपालटून बघितले. सगळे ठणठणीत.

हिला विचारलं, “तू बटण चुकीचं दाबलं असशील का?” म्हणाली, “सोडा हो आता. पास झालात ना?” आणि वर्तमानपत्र उघडलं.

सोडायचं म्हणजे काय? एकावर शंका आली की सगळं पुन्हा तोलायचं असतं. छोटा डबा अजून खोक्यात आहे. दोन्ही शेजारी ठेवून शांतपणे ऐकतो, म्हणजे कळेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ही बहिणीकडे गेली होती. डबा काढला. स्पीकरच्या वायरी जोडल्या. पण भिंतीतल्या प्लगमध्ये घालायची वायरच नाही! खोकं उलटं केलं, पलंगाखाली बघितलं, हिचं कपाट सोडून सगळं घर पालथं घातलं. ती वायर गेली कुठे? तिच्याशिवाय हा डबा म्हणजे नुसता पेपरवेट.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याच्या दुकानात जाऊन आलो. वायर तिथेच होती, काट्यामागच्या प्लगमध्ये. “दाजी, ही तर त्या दिवशी आणलीच नव्हती मी! दुकानात आल्यावर दिसली, तसा ताईला फोन लावला. म्हटलं, दहा मिनिटांत आणून देतो. ती म्हणाली, राहू दे, लागत नाही.”

चालत घरी आलो. रस्त्यात काही दिसत नव्हतं.

ही खिडकीपाशी बसली होती. विचारलं, “दहाही वेळा माझाच वाजत होता?”

“हो.”

“का केलंस?”

“फोनवर बोलताना दारातून बघितलं, तर जिन्यावर बसून तळव्यांचा घाम पुसत होतात.”

“मग नववा चूक का दिलास?”

“एकदा तरी ‘छोटा’ला खरं सांगावं म्हटलं.”

तिच्या चौथ्या कपाला मी घोट गिळू दिला नव्हता. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नाही. शिडी आणून माळ्याला लावली.

ही म्हणाली, “अहो, कोपऱ्यात दोन्ही मावत नाहीत.”

“माहीत आहे मला,” म्हटलं, आणि टर्नटेबलची वायर काढली.