फिका गुलाबी

सर, तुम्हाला फिका गुलाबी दिसतच नव्हता. हे मला परवा कळलं, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, बारामतीतल्या माझ्या मॅचिंगच्या दुकानात. तेव्हापासून संताप आवरत नाही. तुमच्या पत्नी राणी रंगाच्या साडीला फॉल घ्यायला आल्या होत्या. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बघितलेल्या, म्हणून मी ओळखलं. त्यांनी मला नाही. रंग जुळवताना सहज म्हणाल्या, "आमच्या ह्यांना रंगच कळायचं न्हाईत. कॉलेजात कुणाला कळू दिलं न्हाई, नोकरी जाईल म्हणून. शर्टसुदिक मीच काढून द्यायची." माझ्या हातातली फॉलची गड्डी तशीच राहिली.

बारावीची ती सकाळ. वरकुट्याहून पहिल्या एसटीनं आलेली मी ब्युरेटसमोर उभी आहे. फ्लास्कमध्ये आम्ल, त्यात फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब; रंग काहीच नाही. वरून अल्कली थेंबथेंब सोडायची. थेंब पडतो, गुलाबी वलय उठतं, फ्लास्क हलवला की विरतं. आम्ल अजून शिल्लक आहे म्हणून विरतं, हे तुम्हीच शिकवलं होतंत, आणि किती सुंदर शिकवलं होतंत! मग एक थेंब असा पडतो की रंग टिकतो. मागं पांढरा कागद धरल्याशिवाय दिसू नये इतका फिका. तिथंच थांबायचं. मी तोटी बंद करून रीडिंग लिहिते. तेवढ्यात तुम्ही मागून विचारता, "रंग कुठं आलाय?"

"आलाय सर. गुलाबी."

"पाणी आहे हे! मनानं आकडे लिहितेस?" तुम्ही तोटी उघडलीत आणि रंग पार गडद होईपर्यंत सोडत राहिलात. "याला म्हणतात गुलाबी."

"सर, हे जास्त झालं."

शेजारच्या मुलीला सगळं दिसत होतं. ती बेसिनकडे बघत राहिली. तुम्ही माझी जर्नल फाडलीत, आबांना बोलावून घेतलंत आणि माझ्यादेखत म्हणालात, "पोरगी खोटारडी आहे. सायन्सच्या कामाची नाही." आबांनी तुम्हाला हात जोडले. परतीच्या एसटीत म्हणाले, "सर कशाला खोटं बोलत्याल? बास झालं तुजं सायन्स." कॉलेज सुटलं ते सुटलंच.

एकदाच म्हणायचं होतं सर, "मला दिसत नाही, तू सांग." मी सांगितलं असतं, कुणाला कळू न देता, रोज. नोकरीची भीती मला समजते. पण ती झाकायला एका पोरीला खोटं का पाडलंत? आज माझ्याकडं गुलाबीच्या एकोणीस छटा आहेत आणि मी एकही चुकत नाही. इंदापूरच्या बायका मुद्दाम माझ्याकडं येतात, डोळ्यांचं कौतुक करतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मला फ्लास्क हवा होता सर, फॉल नव्हे.

परवा तुमच्या पत्नी निघाल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, मी सरांची विद्यार्थिनी. त्यांचा चेहरा खुलला. "लई ओरडायचं का ओ तुमाला?"

सगळं ओठावर आलं होतं. "नाही," मी म्हणाले, "फार छान शिकवायचे."

हे कागद तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकता येतील, पण तिथं आता त्या एकट्याच आहेत. टाकणार नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि सर, मला बरं वाटलं. राग त्याचाही आहे.