डिप्पर केला होता

मामा, तुमच्या पत्रात परत तेच! समोरून गाडी आली की अप्परचा डिप्पर करावा, करील तो ड्रायव्हर, न करील तो बैल. अहो, करतो, करतो, करतो! बैलाला एवढ्यांदा सांगितलं असतं तर तोही करायला लागला असता. असो, नमस्कार. तुमची कंबर कशी आहे, मामींचा खोकला गेला का? आईला हे पत्र वाचून दाखवू नका. (दाखवायचंच तर इथपर्यंतच.)

मी गोदामातून फरशीची खोकी पोचवतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. पिकअपमध्ये सगळी खोकी मी मागच्या फळक्याला लावून रचायचो, म्हणजे उतरवताना आत वाकून शिरायला नको. मालक म्हणाला, पोरगा डोकं लावतो. मीही फुगलो. गाडीचं नाक जरा वर व्हायचं, पण मला ती ऐट वाटायची. आणि इथली माणसं काय लाघवी! अंधारून आल्यावर माल घेऊन निघालो की समोरचा प्रत्येक जण दिवे मिचकावायचा. म्हटलं, परक्या मुलखात केवढी ही ओळख! मीही उलट मिचकावायचो. एक म्हातारा तर मला बघून रोज कपाळाला हात लावायचा. (त्याला मी मान लववून नमस्कार करायचो.)

गेल्या मंगळवारी अंधार पडल्यावर कालव्याच्या पुलावर स्कूटरवरच्या पोस्टमननेही कपाळाला हात लावला. मी सलाम ठोकला, आणि तो स्कूटरसकट कठड्यावर आदळला.

गाडी पुढे थांबवून धावत आलो, त्याला दवाखान्यात नेला. खुबा मोडला, मनगट मोडलं. डॉक्टरांना सांगत होता, "डोळ्यांवर उजेडाची भिंतच आली. हात आडवा धरला, तेवढ्यात गेलो. तो मेला पळाला, हा पोरगा देवासारखा आला." मी त्याची एक चप्पल हातात धरून उभा.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने दाखवलं. स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटं चाक असतं, शून्य ते तीन. मागे वजन पडलं की डिप्परचा उजेडही समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तो त्या चाकाने खाली घ्यायचा. मी ते रेडिओचं समजत होतो. (गाडीत रेडिओ नाही, म्हणून कधी हात लावला नाही.) तो म्हणाला, "अरे शहाण्या, लोक ओळख देत नव्हते, शिव्या देत होते."

मी रोज दवाखान्यात जायचो. पोस्टमनची बायको मला भाऊ म्हणायची, सफरचंद कापलं की पहिली फोड मला. पाच दिवस मी ती खाल्ली, मामा. सहाव्या दिवशी सांगून टाकलं. तिने सुरी खाली ठेवली. पोस्टमनने विचारलं, "मी हात वर केला तेव्हा तू काय केलंस?" म्हटलं, सलाम. तो हसला, हसताना खुबा दुखला, मग नुसताच कण्हत राहिला. ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस."

तुमचा भाचा

ता. क. तुम्हीही पोती मागेच रचता. ते चाक शोधा. नसलं तर वजन पुढे घ्या.

आणखी एक ता. क. पोलिसांकडे मी स्वतः गेलो. परवाना जमा झाला. आता तीच खोकी पाठीवर वाहतो. पगारातलं बरंचसं पोस्टमनच्या नावाने नर्सकडे ठेवून आलो, तो चालेपर्यंत ठेवणार. खरं काम एवढंच, की आईला सांगा, पोराने महागाचे बूट घेतले. ती शिव्या देईल, देऊ द्या. दर महिन्याला चार हजार यायचे, या वेळी नऊशे पाठवतो आहे.