दुपारी एक ते चार क्लाउड बंद

२२ ऑक्टोबर २०१५, दसरा
मुहूर्त साधला. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला, तनुजाने कुंकू वाहिलं (थोडं कीबोर्डात गेलं, 'एंटर' अडकतंय) आणि 'तनुजाचा फराळ' ही आमची वेबसाइट क्लाउडवर गेली. कोथरूडमधला क्लाउडवरचा पहिला घरगुती फराळ! निदान आमच्या बिल्डिंगमधला तरी.

तनुजा बँकेतून बिनपगारी रजा घेऊन बसली आहे. दिवाळीत ऑर्डरी नीट आल्या तर राजीनामा, नाही तर परत कॅश काउंटर. म्हणाली, अभिनव, माझं सगळं या दिवाळीवर आहे रे. मी म्हटलं, निर्धास्त राहा, नवरा क्लाउड आर्किटेक्ट आहे. म्हणजे होणार आहे. ऑफिसात जागा निघाली आहे आणि सहा तारखेला दिगंबर सरांपुढे याच वेबसाइटचं प्रेझेंटेशन ठोकणार आहे.

२३ ऑक्टोबर
बायकोला आर्किटेक्चर समजावलं. पुढे लोड बॅलन्सर. येईल त्या गिऱ्हाइकाला तो मागच्या सर्व्हरांपैकी जो मोकळा असेल त्याच्याकडे धाडतो. एक सर्व्हर पडला तर दुसरा सांभाळतो. गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात, ओसरली की कमी होतात. या सगळ्यांच्या मागे डेटाबेस. ती म्हणाली, म्हणजे ऑर्डर घेणारे वाटेल तेवढे, आणि तळणाऱ्या मी आणि वेणूबाई? (वेणूबाईंना दिवाळीपुरतं मदतीला ठेवलं आहे.)

प्रश्न नॉन-टेक्निकल होता.

२५ ऑक्टोबर, रविवार
काय सुचलंय! पुण्यात दुपारी एक ते चार कोण मेला खरेदी करतो? सर्व्हर उगाच चालू राहणार आणि बिल आमच्या बोकांडी. शेड्यूल लावलं: १३:०० वाजता सगळे सर्व्हर बंद, १६:०० वाजता चालू. मधल्या वेळात पाटी दिसेल. 'दुपारी १ ते ४ बंद. कारण विचारू नये.' मजकूर माझाच.

तनुजा म्हणाली, एकदा चालवून तर बघ. डिझाइनवर विश्वास असला की चालवून बघावं लागत नाही. शिवाय दुपारी मी झोपतो.

२९ ऑक्टोबर
वेबसाइटवरच्या गर्दीचे ग्राफ पाहिले. एक ते चार शून्य, अगदी ठरल्याप्रमाणे. संध्याकाळी सात ते नऊ, तेही शून्य! सगळ्यात जास्त गर्दी पहाटे पाचला. विचार केल्यावर पटलं. लोक टेकडीवर फिरायला निघतात, भूक लागते, चकली आठवते. हे नुसतं ऑफिसात बसून कळत नाही, त्यासाठी डेटा लागतो.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून ऑर्डरी प्रत्यक्ष बघायच्या.

३० ऑक्टोबर
उठलो नाही. आधी अलार्मचं टेस्टिंग केलं पाहिजे.

३१ ऑक्टोबर, शनिवार
उठलो. पाच ते सहा लॅपटॉपसमोर. एकही ऑर्डर नाही. शनिवार आहे, टेकडीवाले उशिरा उठले असणार.

२ नोव्हेंबर
तनुजाचा चेहरा उतरलाय. ऑर्डरी अगदी किरकोळ, भाजणी डब्यात पडून. बँकेतून फोन आला होता, परत कधी येताय म्हणून. मी तिला ग्राफ दाखवले. संध्याकाळी सातनंतर शून्य, कारण लोक मालिका बघतात. मागणीच एवढी आहे, त्याला आपण काय करणार? लोड कमी तर सर्व्हर कमी, हाच नियम घरात लावायचा. वेणूबाईंना नको म्हणून कळव, म्हटलं.

तिने फोन केला. वेणूबाईंना तासाभरात वारज्यात दुसरं काम मिळालं. बघा, मार्केट किती एफिशियंट आहे.

४ नोव्हेंबर
जिन्यात शेजारचे अप्पासाहेब. रिटायर झाल्यापासून खवचटपणा फुलटाइम. म्हणाले, रोज संध्याकाळी सातला चकल्यांची ऑर्डर द्यायला बसतो आणि रोज तुमची दुपार चालू असते. परंपरा जपताय, कौतुक आहे.

फोन जुना असणार त्यांचा. एकदा बंद करून चालू करा, असं सुचवलं. म्हणाले, मी ऐंशीचा झालो, परत चालू होईन याची खात्री नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रेझेंटेशन. अमेरिकेतले साहेब फोनवर हवेत म्हणून संध्याकाळी सातला ठेवलं होतं. स्लाइडी झकास झाल्या. लोड बॅलन्सरचे बाण तर हलतसुद्धा होते. दिगंबर सर म्हणाले, आता लाइव्ह दाखवा. दाखवलं. स्क्रीनवर पाटी. सगळे हसले. मला वाटलं, मजकूर आवडला.

सरांनी विचारलं, आत्ता दुपार आहे का?

मग उलगडलं. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं. तिथला दुपारचा एक म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. लोक ऑफिसातून घरी येतात, चहा घेतात, फोन हातात घेतात, आणि साडेनऊपर्यंत आमचं दुकान बंद. जवळजवळ दोन आठवडे! ग्राफही त्याच घड्याळाचे. संध्याकाळी सात ते नऊचं शून्य म्हणजे आपली मध्यरात्र, आणि पहाटे पाचचे टेकडीवाले म्हणजे सकाळी साडेदहाला ऑफिसात टाइमपास करणारे.

सर म्हणाले, आर्किटेक्टचं पुढच्या वर्षी बघू. शेड्यूल तिथल्या तिथे काढून टाकलं. 'एंटर' तिसऱ्यांदा दाबल्यावर चाललं.

७ नोव्हेंबर, वसुबारस
काल मी घरी पोचेपर्यंत ऑर्डरी धडाधड सुरू झालेल्या. सर्व्हर आपोआप वाढले, एकही पडला नाही. मी हे तनुजाला उत्साहाने सांगितलं, हा माझा गाढवपणा. तिने फोनवर ऑर्डरी वर-खाली करून पाहिल्या आणि ओट्याला टेकून खालीच बसली. म्हणाली, हे सगळे रोज येत होते? आणि मी वेणूबाईंना नको म्हटलं? मग रडली. मी क्लाउडबद्दल काही बोललो नाही. खूप वाईट वाटलं, एवढंच खरं.

सकाळी तनुजाने वेणूबाईंना फोन केला. म्हणाल्या, आता शब्द दिलाय ताई, दिवाळीनंतर बोलवा. कढई एक, तळणारी एक. मी रजा टाकली आणि सोऱ्या हातात घेतला. संध्याकाळी साडेसहाला ऐन गर्दीत ऑर्डरी घेणं बंद करावं लागलं. या वेळी जाणूनबुजून.

८ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर चकल्या. माझ्या तुटतात. तनुजा म्हणते पीठ चांगलं आहे, हात वाईट आहे.

चारला जरा टेकली आणि दोन राजीनामे लिहिले. एक बँकेला. म्हणाली, एवढ्या लोकांना माझा फराळ हवाय हे डोळ्यांनी पाहिलं, आता परत काउंटरला बसणार नाही. दुसरा माझा. वेबसाइटच्या सर्व जबाबदाऱ्यांमधून, तत्काळ. पिठाच्या हातानेच सही करून घेतली. कारणाच्या जागी मात्र 'वैयक्तिक' लिहू दिलं.